चार नावांची मांजर

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमच्या घरातली मंडळी आता पुरती ठाऊक झाली आहेत. साताऱ्याला राहणारी आई, प्रत्येक लेखाचा पहिला मसुदा वाचून "पुन्हा आमच्यावरच लिहिलंत का?" असे विचारणारी सौ., आणि आमचे नववीतले चिरंजीव. धाकट्या बहिणीविषयी मात्र मी आजवर कधी लिहिले नव्हते. मेहुणे डॉक्टर. त्यांच्या नोकरीमुळे ती गेली आठ वर्षे वेल्समध्ये, कार्डिफला असते. गेल्या मे महिन्यात कॉलेजला सुटी लागली आणि तिने मला ओढूनच तिकडे नेले. तिथे मला एक मांजर भेटली. आजची हकिकत तिचीच.

मांजर शेजारच्या आजीबाईंची. आजीबाई निवृत्त शिक्षिका, वेल्श ही त्यांची मातृभाषा. माझी पाच वर्षांची भाची वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते. घरी मराठी (म्हणजे बहीण मराठीत विचारते आणि भाची इंग्रजीत उत्तर देते), रस्त्यावर इंग्रजी आणि शाळेत वेल्श, असा तिचा त्रिवेणी संगम. मी मराठीचा प्राध्यापक, तेव्हा चार दिवसांत चार वेल्श शब्द शिकल्याशिवाय मला चैन पडेना. मांजरीला 'काथ' म्हणतात, हा पहिला शब्द. 'ई' म्हणजे त्याची किंवा तिची, हा दुसरा. कुंपणावर मांजर बसली होती. मी ऐटीत म्हणालो, "ई गाथ!" असे कुणाच्या तरी तोंडून ऐकले होते.

भाची पोट धरून हसायला लागली. "मामा, ई गाथ म्हणजे हिज कॅट! ती आजीची आहे. ई खाथ म्हण. ई गाथ म्हटलंस तर आजीचा आजोबा होतो!"

आता पाहा, 'त्याची' आणि 'तिची' या दोहोंनाही शब्द एकच, 'ई'. मालक पुरुष आहे की बाई, हे सांगायचे काम मांजरीने करायचे! त्याची मांजर 'गाथ', तिची मांजर 'खाथ', आणि माझी असेल तर 'व ङ्हाथ'. कोणाचीच नसलेली, उकिरड्यावर हिंडणारी, तेवढी 'काथ'. एका मांजरीला चार नावे. (गाथ म्हटल्यावर मला तुकोबा आठवले, हे सांगायला नकोच. व्यवसायाचा दोष.)

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एकाएकी डोक्यात लख्ख उजेड पडला. क, ग, ङ. अहो, हे तर आमचेच! 'वाक्' आणि 'ईश' मिळून वागीश होतो, 'वाक्' आणि 'मय' मिळून वाङ्मय. क्-चा ग्, क्-चा ङ्. वर्षानुवर्षे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना हा संधी शिकवतो आहे आणि वर्षानुवर्षे मुले तो परीक्षेत चुकवत आहेत. आपल्याकडे हा बदल शब्दाच्या शेवटी होतो, वेल्शमध्ये शब्दाच्या तोंडाशी, एवढाच काय तो फरक. बाकी वर्गवारी जशीच्या तशी. 'पेन' म्हणजे डोके : ई बेन, ई फेन, व म्हेन. 'ताद' म्हणजे बाप : ई दाद, ई थाद, व न्हाद. क-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, सगळे ओळीने हजर. आणि म्ह, न्ह हे ध्वनी म्हटले की आमची म्हातारी आणि न्हाणीघर ही दोन्ही आलीच. मी उठून बहिणीला हाक मारणार होतो, पण घड्याळात एक वाजला होता.

नवल याचे, की भाचीला यातले काही म्हणजे काही ठाऊक नाही. तिला संधी ठाऊक नाही, वर्ग ठाऊक नाही. तिला फक्त 'ई काथ' ऐकायला वाईट लागते. तबला उतरला की गवयाचे तोंड वाकडे होते, तसे तिचे होते. या भाषेतले निम्मे व्याकरण मुलांच्या कानातून आत जाते, आणि ते जावे म्हणून भाषेने मुलांसाठी शब्दही कसे नादवंत राखून ठेवले आहेत! फुलपाखरू म्हणजे 'पिली-पाला'. घुबड म्हणजे 'गुदीहू', त्यात घुबड स्वतःच बोलते. नागमोडी म्हणजे 'इगम-ओगम'. आपल्या अघळपघळ, टंगळमंगळ या मंडळींच्या पंक्तीला खुशाल बसवावा. आणि माझा लाडका शब्द, 'ब्यूख गोख गोटा'. काळ्या ठिपक्यांचा तो लाल, वाटोळा, हरभऱ्याएवढा किडा असतो ना, त्याचे हे नाव. शब्दशः अर्थ 'लाल आखूड गाय'!

किड्याला गाय का म्हणावे, असा प्रश्न मराठी माणसाने तरी विचारू नये. आपण गोगलगाईला गाय म्हणतोच. पावसाच्या आरंभी मातीत दिसणाऱ्या त्या लाल मखमली किड्याला संस्कृतात 'इंद्रगोप' म्हणतात. त्यातही गाय राखणारा गोप आहेच. पण माझे लक्ष गाईपेक्षा ग-कडे होते. लाल म्हणजे मुळात 'कोख', आखूड म्हणजे 'कोटा'. गाय स्त्रीलिंगी, म्हणून तिच्यामागून येणारी विशेषणे मऊ झाली, क-चा ग झाला. पोर अंगणात किड्यामागे धावत 'ब्यूख गोख गोटा' असे ठेक्यात म्हणत सुटते, आणि लिंग, वचन, विशेषण यांचा एक अख्खा धडा हसत हसत गिळून टाकते.

वेल्शचा हेल आपल्या कानाला गाण्यासारखा वाटतो, त्याचेही कारण आहे. शब्दावरचा आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, आणि पुष्कळदा सूर मात्र शेवटच्या अक्षरावर वर चढतो. जोर एकीकडे आणि सूर दुसरीकडे. त्यामुळे साधे 'दूध सांडलं' म्हटले तरी काहीतरी आलापी चालल्यासारखे वाटते. इंग्रजी बोलतानासुद्धा वेल्श माणसाचा हा हेल सुटत नाही. लिपी रोमन आहे खरी, पण स्वभाव आपल्या बाळबोधसारखा : लिहावे तसे वाचावे. 'डब्ल्यू' हा तिथे चक्क स्वर आहे, आपला 'उ'. एव्हरेस्टच्या वाटेवरचे 'वेस्टर्न कूम' आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो, ते 'कूम' म्हणजे दरीसाठी असलेला वेल्श शब्द. १९२१ च्या मोहिमेत मॅलरीने ते नाव दिले. अठ्ठावन्न अक्षरांच्या त्या गावाची पाटी मात्र मी मुद्दाम पाहायला गेलो नाही. एकोणिसाव्या शतकात प्रवासी यावेत म्हणून लांबवलेले नाव ते. अशी करामत आपल्याकडेही एखादा नगरसेवक करू शकेल.

एका ध्वनीने मात्र मला रडवले. दोन 'एल' जोडून लिहितात तो. आपण त्याला 'ल्ह' म्हणू. पण आपल्या कोल्ह्यातला ल्ह तो नव्हे. जीभ ल-च्या जागी टेकवायची, घसा गप्प ठेवायचा आणि जिभेच्या कडांवरून नुसती हवा फुंकायची. दूध म्हणजे 'ल्हाइथ', उंदीर म्हणजे 'ल्हगोदेन', पुस्तक म्हणजे 'ल्हिवर'. भाची रोज सकाळी समोर बसवून माझी शिकवणी घेई. "मामा, तू बोलतोस. बोलू नको. फुंक!" मी फुंकले की चहा सांडे.

हा ध्वनी तिला लीलया जमतो. तिला जमत नाही तो ळ.

दर रविवारी साताऱ्याला आईला फोन लागतो. आई अठ्याहत्तर वर्षांची, कानाने थोडी अधू. त्या रविवारी नात उत्साहाने सांगत होती, "आजी, मी केलं खाल्लं."

"काय केलंस?"

"केलं!"

"हो, पण काय केलंस, बाळ?"

"अगं, केलं खाल्लं!"

आम्ही सगळे हसलो. आईही पलीकडे हसली असावी. बहीण हसता हसता उठून स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी पाण्याच्या निमित्ताने आत डोकावलो तर ओट्याशी पाठमोरी उभी होती. म्हणाली, "दादा, तिला तिकडचा तो फुंकरीचा ल येतो रे. माझ्या आईचा ळ येत नाही."

मी मराठीचा प्राध्यापक. मला उत्तर सुचले नाही.

शेजारच्या आजीबाईंकडे दुपारी चहाला जाण्याचा मग प्रघात पडला. वेल्श कवितेचे नादशास्त्र त्यांनी मला टेबलावर बोटे वाजवून शिकवले. त्याला 'कंगहानेद' म्हणतात. अर्थ, सुसंवाद. ओळीचे दोन भाग करायचे, आणि पहिल्या भागात जी व्यंजने ज्या क्रमाने आली, तीच त्याच क्रमाने दुसऱ्या भागात आणायची. मधले स्वर मात्र बदलायचे. हा एक प्रकार झाला. असे मुख्य चार प्रकार आहेत, आणि चोवीस बांधीव वृत्ते. मध्ययुगापासून हा कारखाना अखंड चालू आहे. आपल्या मोरोपंतांना तिथे नेऊन सोडले असते तर ते परत आलेच नसते. दोन दिवस डोके खाजवून मी एक मराठी नमुना तयार केला : 'मन रानी, मौन रान'. म-न-र-न, म-न-र-न. आजीबाईंना मराठीचा गंध नाही, पण त्यांनी बोटांनी व्यंजने मोजली, मान डोलावली, आणि मग आघाताची एक चूक काढलीच. शिक्षिका त्या!

ही विद्या तिथे पंडितांच्या कपाटात बंद नाही. रेडिओवर कवींच्या संघांचे सामने १९७९ पासून चालत आले आहेत. दर ऑगस्टच्या आरंभी राष्ट्रीय 'आयस्तेद्वोद' भरते, एक वर्ष उत्तरेला, एक वर्ष दक्षिणेला. या शब्दाच्या मुळाशी 'बसणे' हे क्रियापद आहे. आपण सरळ 'बैठक' म्हणावे. बांधीव वृत्तातल्या उत्तम कवितेला बक्षीस काय, तर खुर्ची! मोठी, कोरीव, लाकडी खुर्ची. कवी टोपणनावाने कविता धाडतो, म्हणून कोण जिंकले हे मंडपात कोणाला ठाऊक नसते. टोपणनाव पुकारले जाते, तुतारी वाजते, अंधारातून कोणीतरी उठून उभा राहतो आणि त्याच्यावर झोत पडतो. मग अर्धीच उपसलेली तलवार धरून प्रमुख तीनदा विचारतो, 'शांतता आहे का?' आणि सारा मंडप तीनदा 'शांतता' म्हणून गर्जतो. १९१७ साली टोपणनाव पुकारले आणि कोणी उठलेच नाही. हेद विन नावाने लिहिणारा तो मेंढपाळ कवी सुमारे पाच आठवड्यांपूर्वीच, ३१ जुलैला, फ्लँडर्सच्या रणांगणावर पडला होता. खुर्चीवर काळे कापड घातले. ती 'काळी खुर्ची' अजून आहे.

मुलांची बैठक वेगळी, मे महिन्याच्या अखेरीस. १९२२ साली स्थापन झालेल्या 'उर्द' या मुलांच्या संघटनेची ती. पहिली १९२९ ला भरली. गाणी, नाच, आणि 'ल्हेवारी', म्हणजे पाठ केलेले खणखणीत म्हणून दाखवणे. गावची फेरी, मग जिल्ह्याची, मग अंतिम. आणि ती दूरदर्शनवर दिवसभर दाखवतात. पाच-सहा वर्षांची पोरे हात मागे बांधून कविता म्हणतात आणि घराघरांतल्या आज्या ओठ हलवत बसतात. शिवाय २००० सालापासून मुलांचा म्हणून एक कवी नेमतात, 'बार्द प्लांत कम्री'. ('प्लांत' म्हणजे मुले, झाड नव्हे!) त्याने शाळाशाळांत जायचे आणि मुलांबरोबर बसून कविता करायच्या. हे काम मला कोणी दिले तर मी प्राध्यापकी सोडीन. सौ.ने हे वाक्य वाचू नये.

आजीबाईंनी एक दिवस एक अंगाई गुणगुणून दाखवली. 'पाइस दिनोगाद', दिनोगादचा अंगरखा. बहुधा सातव्या शतकाच्या सुमाराची मानतात, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरीच्या कितीतरी आधीची. आई तान्ह्याला सांगते आहे, तुझे अंगडे अमुक जनावराच्या ठिपक्याठिपक्यांच्या कातड्याचे, ते मी शिवले. तुझा बाप खांद्यावर भाला टाकून शिकारीला जाई, कुत्र्यांना नावाने हाका मारी, डोंगरातून हरीण आणी, धबधब्यावरून मासा आणी. सगळी क्रियापदे भूतकाळी. 'जाई', 'आणी'. बाप आता आहे की नाही, हे गाणे सांगत नाही. आणि हे सापडले कुठे, तर तेराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात, रणांगणावर पडलेल्या वीरांच्या शोकगीतांच्या मधोमध! त्या पोथीत त्याचे काहीच काम नाही. कोणा लेखकूने मूळ समासातली नोंद काव्यात ओढून घेतली असावी, असे म्हणतात. तेवढी चूक झाली म्हणून एका आईचे गाणे राहिले.

आजीबाईंचे वय मी विचारले नव्हते, त्यांनी आपण होऊन सांगितले : 'पेद्वार इगाइन'. चार विसा! मी खुर्चीतून उठलोच. माझी आजी नेमके असेच सांगायची, "आता चार विसा झाल्या रे." वेल्शची जुनी मोजणी विसांवर चालते. अठरा म्हणजे दोन नऊ. एकोणीस म्हणजे पंधरावर चार. एकोणसाठ म्हणजे दोन विसांवर पंधरावर चार. मराठी मुलांनी एकोणसाठविषयी तक्रार करू नये. आणि संस्कृतात जसे पुल्लिंगी त्रयः तर स्त्रीलिंगी तिस्रः, तसे तिथे 'त्री' पुल्लिंगी आणि 'ताइर' स्त्रीलिंगी. हजारो मैलांवरचे हे नाते. १७८६ साली कलकत्त्याला ज्या विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचे मूळ एक असावे असे सांगितले आणि केल्टिकलाही त्या गोतात ओढले, त्याचे वडील वेल्समधल्या अँगलसी बेटावरचे.

शाळेत मात्र आता गणितासाठी सरळ मोजणी शिकवतात, पाच दहा नऊ. जुनी मोजणी घड्याळाला, तारखेला, वयाला. २०१९ साली आपल्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आले, तेव्हा स्टाफरूममध्ये मी केवढा गरजलो होतो! मराठीचा खून, वगैरे. त्याच आठवड्यात चिरंजीवांनी वाण्याची यादी माझ्यापुढे धरली आणि विचारले, "बाबा, एकोणसाठ म्हणजे फिफ्टीनाइन की सिक्स्टीनाइन?" ही गोष्ट मी आजवर या सदरात लिहिली नव्हती. मराठीच्या प्राध्यापकाचा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. का घातला, याची कारणे मी लोकांना सांगतो ती सगळी खरी आहेत. सांगत नाही ते कारण, चार लोक काय म्हणतील हे.

कार्डिफजवळ सेंट फॅगन्सला जुनी घरे दगड दगड उचलून आणून पुन्हा बांधली आहेत. त्यात एक जुनी खेड्यातली शाळा आहे. तिच्या बाकावर बसलो असताना बहिणीने मला 'वेल्श नॉट' सांगितले. एकोणिसाव्या शतकात कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात एक लाकडी तुकडा अडकवीत. दुसरे कोणी वेल्श बोलताना सापडले की तो त्याच्या गळ्यात जाई. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल, त्याला मार. म्हणजे मुलेच मुलांवर पाळत ठेवणार. आणि पुष्कळ आईबापांची याला संमती होती, इंग्रजी आली तर पोराचे भले होईल म्हणून. मला चिरंजीवांच्या पहिलीतली वही आठवली. 'आज वर्गात मराठीत बोलला', असा शेरा होता, खाली पालकांची सही. सही माझी.

१९११ साली वेल्श बोलणारे पावणेदहा लाखांच्या वर होते. २०२१ च्या शिरगणतीत सुमारे पाच लाख अडतीस हजार, शेकडा अठरासुद्धा नाहीत, आणि मुलांतला टक्का आधीपेक्षा उतरलेला. २०५० पर्यंत दहा लाख करू, असे तिथले सरकार म्हणते. होतील की नाही कोण जाणे. पण १५८८ चे विल्यम मॉर्गनचे बायबल, १९६२ चे सॉन्डर्स ल्यूइसचे रेडिओवरचे भाषण, १९८२ ची वेल्श दूरदर्शन वाहिनी, या मोठ्या गोष्टींपेक्षा मला एक लहानशी गोष्ट मोठी वाटते. १९३९ साली ॲबरिस्टविथला पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली, तेव्हा तिच्यात मुले होती सात. आज कार्डिफच्या अशा शाळांत ज्यांच्या घरी वेल्शचा शब्द नाही, अशांची मुले जातात. माझ्या भाचीसारखी.

निघण्याच्या आदल्या रविवारी आम्ही सौदा केला. मी तिला ल्हाइथ म्हणून दाखवायचे, तिने मला केळे. सकाळभर आरशासमोर तालीम झाली. "जीभ वर ने, उलटी कर, टाळ्याला लाव आणि सोड," मी सांगे. ती जीभ उलटी करी, डोळे तिरळे करी आणि शेवटी ल म्हणे. माझे ल्हाइथ तिने पास केले, पण काठावर. चहा सांडलाच.

फोन लागला. भाची पुढे सरसावली, जीभ वर नेली, उलटी केली, टाळ्याला लावली, आणि ऐन वेळी तिला कोणती सोडायची हे आठवेना. तिने डोळे मिटून जोरात फुंकले.

"आजी, मी केऽल्हं खाल्लं!"

पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही.

"सावकाश खा गं बाई," आई म्हणाली. "पण फुंकतेस कशाला? केळं कधी गरम असतं का?"